निशीनं काढलेला रस्ता

कोकिळा : ज्या साहेबानं हा कागद छापला, त्यानं जन्मात कधी वावर पायानं ओलांडलं नाही. पंख्याखाली बसून त्यानं तीन रस्ते काढले अन् माह्या सहा वर्षांच्या पोरीले ढ ठरवून मोकळा झाला. हे मी त्याच्या तोंडावर म्हणीन. तो भेटत नाही म्हणून तुमाले म्हणून राह्यली, म्याडम.

नाजिया : ताई, आधी बसा. ढ कोणीच म्हटलेलं नाही. तसा शब्दच नाही कागदावर.

कोकिळा : मंग काय शब्द हाय? वाचा.

नाजिया : "निर्णयक्षमता अपेक्षेपेक्षा कमी."

कोकिळा : ढच झालं ना. उलीसं लांब करून लिवलं एवढंच.

नाजिया : तुम्ही निशिगंधाच्या आई ना?

कोकिळा : हो, मी कोकिळा. अन् हे भिंतीले टेकून उभी हाय ते निशिगंधा. घरी निशी म्हणतो. निशी, म्याडमले नमस्ते कर.

निशिगंधा : काल केलता.

नाजिया : केला होता, खरं आहे. तिची चाचणी मीच घेतली काल. ताई, मी इथली शिक्षिका आहे, पण कागद माझा नाही. तो संस्थेच्या मोठ्या ऑफिसातून छापून येतो, किती मार्कांना कोणतं वाक्य तेही तिथलंच. पहिलीच्या चाळीस जागा, आसपासच्या गावांतून दोनशेवर मुलं. कुठे तरी रेघ ओढावी लागते. निशिगंधा त्या रेघेच्या एका मार्कानं खाली राहिली.

कोकिळा : अन् थो एक मार्क या रस्त्याच्या चित्रात गेला.

नाजिया : या चित्रात गेला.

कोकिळा : मंग मले समजावून सांगा. मी सातवीतून घरी बसलेली बाई हाय, पण डोकं हाय मले. घाईघाईत नका सांगू.

नाजिया : बघा. खाली घर आहे, वर शाळा. मुलीला घरातून शाळेत जायचं आहे. तीन रस्ते आहेत. हा मधला, शेतातून सरळ जाणारा. हा डावीकडचा, नाल्याच्या काठानं. आणि हा उजवीकडचा, सडकेनं, सगळ्यात लांबचा, वळसा घालून. मुलानं नीट बघून एक रस्ता पेन्सिलनं गिरवायचा. जो सरळ, जवळचा, तो बरोबर. निशिगंधानं सगळ्यात लांबचा गिरवला.

कोकिळा : नीट गिरवला ना? कुठं बाहेर गेली का पेन्सिल?

नाजिया : नाही. रेघ सुरेख आहे. पण शिवाय वेळ असतो. चित्र समोर ठेवल्यापासून पेन्सिल टेकेपर्यंत किती वेळ लागला, ते लिहायचं. तिला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. नुसती बघत बसली होती.

कोकिळा : अन् बाकीचे?

नाजिया : बाकीचे दहा सेकंदात सुरू करतात. तुमच्याच गावचा तो किराणावाल्याचा ऋतिक, त्यानं तर मी बोलत होते तेव्हाच रेघ मारली.

कोकिळा : मारन नाही तं काय. यवतमाळच्या शिकवणीत त्यानं हाच कागद चार डाव गिरवला. त्याची माय विहिरीवर सांगे सगळ्यायले. पोरगं चांगलं हाय, मी त्याले नाव ठेवत नाही. पण विचार करून पाहा म्याडम, ज्यानं न पाहता रेघ मारली त्याले अक्कल, अन् जे पाहत बसली ते कमअक्कल. हे कोणतं माप हाय?

नाजिया : ताई, माप मी ठरवत नाही.

कोकिळा : ते तुमी आता दोनदा सांगतलं.

नाजिया : बरं, मग तुम्ही सांगा. ती घरी कशी आहे? स्वतःचं स्वतः ठरवते का काही?

कोकिळा : माह्ये सासरे हायेत, मारोतराव. चिंचोके घेऊन तिच्यासंग चंगाअष्टा खेळतात रोज. ते तिले मुद्दाम जिंकू देत नाहीत, लहान हाय म्हणून दया नाही. पह्यले पह्यले रडे. आता परवा काय केलं, आपली एक गोटी त्यायच्या गोटीपुढं आणून ठेवली. मारा म्हणे आबाजी. म्हाताऱ्यानं आनंदानं मारली. अन् तिकून हिनं दोन गोट्या घरात नेल्या. मारोतरावानं संध्याकाळपर्यंत चिंचोक्यायले हात लावला नाही.

निशिगंधा : तीन नेल्या.

कोकिळा : तीन. हे आयकत असते सगळं, नुसती भिंतीकडं पाहते.

नाजिया : पण मग इथं का असं झालं? अनोळखी माणसांसमोर मुलं घाबरतात, तसं असेल.

कोकिळा : हे घाबरत नाही. घरून येताना मी तिले विचारलं, का वं, लांबचा काहून धरला? तं म्हणे, चिंधी होती. मले तिथंच समजलं. पण तुमाले नाही समजणार, म्हणून आली. ते चित्र द्या इकडं. हे वावरात काय उभं हाय?

नाजिया : बुजगावणं. शेत आहे हे कळावं म्हणून काढलंय.

कोकिळा : अन् त्याच्या खांद्यावर?

नाजिया : लाल कापड. उपरणं असेल.

कोकिळा : आमच्याकडं ते उपरणं नाही. आयका आता. आमचं घर गावात नाही, वावरातच हाय. अंगणवाडी गावात. मधात शेजारच्या विठ्ठलरावाची पऱ्हाटी, कापूस. तिच्यातून पायवाट जाते, तेच जवळचं. मी अन् हिचा बाप सकाळीच कामाले लागतो. तवा हे निशी धाकटीले, सोनूले, बोटाले धरून अंगणवाडीत नेते. सोनू तीन वर्षांची हाय. गेल्या साली पोळा झाल्यावर विठ्ठलरावानं सकाळी सकाळीच किडीचं औषध मारलं. पंप ठेवला अन् जेवाले गेला. त्याले का माहीत इकून लेकरं येऊन राह्यले. या दोघी त्या पऱ्हाटीतून गेल्या. पऱ्हाटी हिच्या डोक्याच्या वर. पानं ओली. अंगणवाडीत पोचल्या अन् सोनू ओकली. डोळे लाल, मान सरळ राहीना. यवतमाळले नेली, दोन दिवस ठेवली.

नाजिया : आता कशी आहे?

कोकिळा : चांगली हाय. वाचली. हिचं डोकं दुखलं दोन दिवस, बाकी काही नाही. विठ्ठलराव आमच्या दारात येऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडली अन् धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, काडीले बांधली. औषध मारलं का चिंधी लावाची, तीन दिवस झाले का काढाची. त्याचं पाहून बाजूच्या वावरातल्या उकंडानं लावली, मंग हिरासिंगनं. आता आमच्या शिवारात सगळेच लावतात. कोणी कायदा केला नाही. कोणी मीटिंग घेतली नाही. अन् मी दोन्ही पोरीयले सांगून ठेवलं, चिंधी दिसली का त्या वावरात पाय टाकाचा नाही, सडकेनं जायाचं. मी हे शंभर डाव सांगतलं. काल तुमी तिच्यापुढं चित्र ठेवलं, त्यात वावर, वावरात लाल चिंधी. आता सांगा, तिनं काय करावं?

नाजिया : मला हे माहीत नव्हतं.

कोकिळा : तुमचा दोष नाही. ज्याले माहीत पाह्यजे तो कुठं हाय, ते मी विचारून राह्यली.

नाजिया : पण एक गोष्ट मला कळत नाही, ताई. चिंधी दिसली, शेत सोडलं, ठीक. मग नाल्याचा रस्ता होता ना. तो सडकेपेक्षा जवळचा आहे. त्यालाही अर्धा मार्क आहे. अर्धा मिळाला असता तर तो वर सरकवून पूर्ण धरतात, आणि ती पास होती.

कोकिळा : मी सांगतलं ना, सडकेनं जाय म्हणून. सांगतलं तसं केलं तिनं.

नाजिया : सांगितलं तसंच करायचं होतं तर एक मिनिट चाळीस सेकंद कशाला लागतील? निशिगंधा, इकडे ये बेटा. काल तू पेन्सिल हातात घेऊन थांबली होतीस. काय चाललं होतं?

निशिगंधा : पाहून राह्यलती.

नाजिया : काय पाहत होतीस?

निशिगंधा : चिंधी कोणीकडं उडते ते.

कोकिळा : कोणीकडं उडते म्हणजे?

निशिगंधा : हे पाह्य ना. नाल्याकडं उडून राह्यली. मंग वास नाल्यात येते. सोनूचे डोळे चुरचुर करतात.

कोकिळा : तुले हे कोणं सांगतलं?

निशिगंधा : कोणीच नाही.

कोकिळा : मंग तुले कसं माहीत?

निशिगंधा : एक डाव आम्ही नाल्यानं गेलतो. चिंधी होती तवा. तं वास आला. मंग वापस आलो अन् सडकेनं गेलो. मंग दुसऱ्या डावी नाल्यानंच गेलो, तं वास नाही आला. मंग मी चिंधी पाह्यली.

कोकिळा : थांब. नाल्यानं गेलती? मी तुले सडकेनं जाय म्हणून सांगतलं होतं ना?

निशिगंधा : सडकेवर कुत्रे असतात. अन् ट्रक. सोनू बोट सोडते.

कोकिळा : म्हणजे तू अजूनबी नाल्यानं जातं?

निशिगंधा : चिंधी सडकेकडं उडली तं नाल्यानं. नाल्याकडं उडली तं सडकेनं.

नाजिया : आणि उडतच नसेल तर?

निशिगंधा : मंग सडकेनं.

नाजिया : का? कुत्री असतात म्हणालीस ना.

निशिगंधा : कुत्र्याले दगड दाखवला का पळते. वासाले दगड दाखवता येत नाही.

कोकिळा : घरी चाल तू. घरी चाल, तुले पाहतो मी.

नाजिया : रागावू नका तिला.

कोकिळा : रागावली नाही. मले वाटे, माह्यं सांगणं आयकते पोरगी. मी वर्षभर खुशीत, का माह्या एका सांगण्यानं दोघी सुखरूप जाऊन राह्यल्या. अन् हे रोज धुऱ्यावर उभी राहून वारा पाहून राह्यली. मलेबी कधी वारा सुचला नाही. मी फक्त चिंधीच पाह्यली.

नाजिया : माझे अब्बा दारव्ह्याला गॅरेज चालवायचे. रहेमान मिस्त्री. मी निशीएवढी असेन. ते गाडीखाली झोपलेले असायचे आणि हात बाहेर काढायचे. अमुक नंबरचा पाना दे, असं कधी म्हणत नव्हते. म्हणायचे, बोल, कौनसा लगेगा? मी द्यायचे तो घ्यायचे. चुकीचा असला तरी तोच लावून बघायचे. बोल्ट फिरायचा नाही. मग पुन्हा हात बाहेर. गिऱ्हाईक ओरडायचं, मिस्त्री, टाइम खराब हो रहा है. अब्बा म्हणायचे, होने दो.

कोकिळा : तुमाले किती टाइम लागला शिकाले?

नाजिया : एक उन्हाळा. नंतर मी नुसता बोल्ट बघून पाना द्यायचे.

कोकिळा : अन् त्या उन्हाळ्यात कोणी तुमाले कागदावर कमी लिवलं नाही.

नाजिया : नाही लिहिलं. ताई, आता मी सांगते ते हळू ऐका. यादी चार वाजता जाते. निशीचं अजून पाठवलेलं नाही. मी नुसता मार्क बदलू शकत नाही, कारण कागदाचा फोटो पाठवावा लागतो. पण माझ्याकडे कोरे कागद आहेत. हे घ्या. तिला शेतातून सरळ रेघ मारू द्या, दहा सेकंदात. मी जुना कागद फाडते. जागा पक्की.

कोकिळा : कोणी तुमाले विचारणार नाही?

नाजिया : कोण विचारतंय. दोनशे कागद आहेत.

कोकिळा : गाडी गावापर्यंत येते ना तुमची?

नाजिया : घरापर्यंत येते. फी नाही, पुस्तकं इथलीच. दहावीपर्यंत.

कोकिळा : आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर, चार वर्ग. अन् थो मास्तर बी अर्धे दिवस मीटिंगले. द्या कागद. निशी, ये. हे पेन्सिल धर. हे घर, हे शाळा. मधातून सरळ ओढ.

निशिगंधा : चिंधी हाय ना.

कोकिळा : ते चित्रातली हाय वं. खरी नाही. ओढ.

(निशिगंधा कागदावर वाकते. पेन्सिल घरावर टेकते, पुढं सरकत नाही.)

निशिगंधा : सोनू संग हाय का?

नाजिया : चित्रात एकच मुलगी आहे.

निशिगंधा : मंग मी नाक दाबून पळत जाईन. पण सोनू कोणासंग जाईन?

कोकिळा : सोनू घरीच हाय. तू ओढ फक्त. सगळ्यायनं असंच ओढलं, म्हणून त्यायले घेतलं.

निशिगंधा : चिंधी असली तरी?

कोकिळा : हो.

निशिगंधा : आई, मंग आता चिंधी दिसली तरी जायाचं?

नाजिया : ताई, पावणेचार झालेत.

कोकिळा : ठेव पेन्सिल, निशी.

नाजिया : एक रेघ आहे, ताई.

कोकिळा : एकच रेघ हाय, म्हणूनच. आज हे रेघ मी, हिच्या मायनं, हिच्या हातानं ओढून घेतली, तं येत्या पोळ्याले हे धुऱ्यावर उभी राहीन तवा तिच्या डोक्यात काय येईन? आई म्हणे चिंधी असली तरी जाय, शाळेत घेतात. लेकरू हाय ते. चित्रातली चिंधी वेगळी, खरी वेगळी, हे तुमाले अन् मले समजते. तिले आत्ता कुठं एकच समजलं हाय, अन् ते तिनं स्वतः सोनूचे डोळे पाहून शिकलं. ते मी पुसू कशी?

नाजिया : जागा जाईल. मी स्पष्ट सांगते. सोमवारी यादी लागली की मग काहीच करता येत नाही.

कोकिळा : समजलं मले. मले का जागा नको हाय? आज बाजाराचा दिवस, मजुरी सोडून आली मी. जागा पाह्यजेच मले. पण खऱ्या कागदावर पाह्यजे.

नाजिया : खऱ्या कागदावर ती नापास आहे.

कोकिळा : मंग त्या कागदावर कारण लिवायले जागा हाय का नाही?

नाजिया : शेऱ्याचा रकाना आहे. कोणी भरत नाही. भरला की ऑफिसातून फोन येतो, तुम्हाला शिकवायला ठेवलंय की वकिली करायला. मागच्या वर्षी एका बाईंना आला होता. त्या यंदा इथे नोकरीत नाहीत. मीही अकरा महिन्यांच्या करारावर आहे, ताई.

कोकिळा : मंग नका भरू. तुमचं घर मी काहून उजाडू? मले कागद अन् पेन द्या, मी माह्या हातानं लिवतो. अक्षर वाकडं हाय, पण वाचता येते.

नाजिया : पालकांचं पत्र ते उघडतही नाहीत. पेटीत पडून राहतं.

कोकिळा : मंग?

नाजिया : थांबा जरा. निशी, तू बस इथे खुर्चीवर. पाणी पिशील?

निशिगंधा : नाही. म्याडम, तुमी पण चिंधी पाहून राह्यल्या का?

नाजिया : हो गं. तेच करतेय.

कोकिळा : निशी, गप बस.

नाजिया : असू द्या. ताई, मी लिहिते. रकाना लहान आहे, मागच्या बाजूला लिहू. जुना कागद, तिनं काढलेला, तोच पाठवू. वर मी लिहिते की चाचणी मी घेतली, मुलीला मी स्वतः प्रश्न विचारले आणि तिनं वाऱ्याची दिशा बघून रस्ता निवडला. खाली माझी सही. आता तुमचं सांगा. तुमच्या शब्दांत सांगा, मी बदलणार नाही. पण शिव्या नको.

कोकिळा : शिव्या देत नाही मी. लिवा. साहेब, मी निशिगंधाची आई. तिनं काढलेला रस्ता आम्ही पुसला नाही.

नाजिया : पुसला नाही. पुढे.

कोकिळा : तुमच्या चित्रात वावर हाय अन् वावरात लाल चिंधी हाय. आमच्या शिवारात लाल चिंधी म्हणजे औषध मारेल हाय. पोरीनं चिंधी पाह्यली, वारा पाह्यला, धाकट्या बहिणीचा विचार केला, मंग रस्ता धरला. म्हणून तिले वेळ लागला. तुमी त्या वेळापायी तिले कमी लिवलं.

नाजिया : "तिले कमी लिवलं." हो.

कोकिळा : आता तुमी सांगा. तुमच्या घरचं सहा वर्षांचं लेकरू, त्याच्या बोटाले तीन वर्षांचं दुसरं लेकरू. वावरात औषध मारेल हाय, वारा नाल्याकडं हाय. तुमी त्यायले कोणत्या रस्त्यानं धाडान?

नाजिया : लिहिलं. अजून?

कोकिळा : अजून काही नाही. खाली चार ओळी कोऱ्या सोडा. उत्तर त्यायनं त्यायच्या हातानं लिवावं.